अनोळखी भिडूबरोबरचा डाव

२०११ सालच्या एप्रिल महिन्यात ॲमेझॉनच्या विक्रीयादीत एका जुन्या ग्रंथाची किंमत वाढत वाढत २,३६,९८,६५५ डॉलरांवर जाऊन पोहोचली. ग्रंथ होता ‘द मेकिंग ऑफ अ फ्लाय’, माशीच्या गर्भाची वाढ कशी होते याविषयी पीटर लॉरेन्स या जीवशास्त्रज्ञांनी १९९२ साली लिहिलेला. त्या शास्त्रातील जाणकारांना मोलाचा, परंतु कोट्यवधी डॉलर मोजावेत असा खचितच नव्हे. बर्कली येथील मायकेल आयझन या शास्त्रज्ञांनी काही दिवस त्या भावाची नोंद ठेवून हिशेब मांडला, तेव्हा मामला उलगडला. नव्या प्रती विकावयास काढणारे विक्रेते दोन होते. दोघांनीही भाव ठरविण्याचे काम संगणकाच्या स्वाधीन केले होते. आणि एकाच्या संगणकास प्रतिस्पर्ध्याच्या भावाच्या ०.९९८३ पट, तर दुसऱ्याच्या संगणकास १.२७०५८९ पट भाव लावण्याचा हुकूम होता. पहिला किंचित खाली उतरे, दुसरा त्याहून पुष्कळ वर चढे, आणि प्रत्येक फेरीअखेर भाव सव्वापटीहून थोडा अधिक होऊन बसे. माणसाच्या दृष्टीस हा प्रकार पडल्यावर भाव १०६ डॉलरांवर आला.

या घटनेत दोहोंपैकी कोणत्याही एका यंत्राकडे बोट दाखविता येत नाही. प्रत्येकाने आपापल्या मालकाचा हुकूम अक्षरशः बजावला. एकेकट्याची तपासणी केली असती तर त्यांपैकी कोणाच्याही वर्तनात घातक असे काही आढळले नसते. अनर्थ उपजला तो दोघांच्या मधल्या जागेत, जिच्यावर कोणाचाच अंमल नव्हता आणि जिचा विचारही कोणी केलेला नव्हता. आज पत्रे लिहिणारे, तिकिटे काढणारे, मालाची मागणी नोंदविणारे, आणि उद्या मालकाच्या वतीने घासाघीस करून करारही ठरवू शकतील असे प्रोग्रॅम, ज्यांना कृत्रिम बुद्धिमत्तेच्या विद्येत ‘एजंट’ म्हणतात, जणू मुखत्यारपत्र घेऊनच व्यवहारात उतरत आहेत, आणि ती मधली जागा त्यामुळे झपाट्याने विस्तारत आहे. म्हणूनच एक एजंट किती हुशार आहे या प्रश्नापेक्षा, अनेक एजंट एकत्र आले असता त्यांच्यात सहकार्य कसे उत्पन्न होते, हा प्रश्न मला अधिक निकडीचा वाटतो. या प्रश्नाचा पाठपुरावा करीत एक संशोधक विद्यार्थी कसकसा पुढे गेला, त्याची हकीकत येथे थोडी विस्ताराने सांगावयाची आहे. कारण तिच्या ओघात हा विषय जितका स्वच्छ उलगडतो, तितका तो व्याख्यांच्या आधारे उलगडत नाही.

या विद्यार्थ्याचे नाव याकोब फोर्स्टर. त्यांचे पदवीशिक्षण केंब्रिज येथे आणि तेही पदार्थविज्ञानात झाले. पुढे गोल्डमन सॅक्स ही वित्तपेढी आणि गूगल अशा दोन ठिकाणी मिळून चार वर्षे त्यांनी नोकरी केली. मज्जासंस्थेच्या अभ्यासात अमेरिकेतील एमआयटी आणि इस्राएलमधील वाइझमन संस्था येथेही त्यांनी काम केले. आणि एवढा फेरा झाल्यानंतर ते ऑक्सफर्ड विद्यापीठात शिमॉन व्हाइटसन यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेटसाठी दाखल झाले. वरवर पाहता हा प्रवास विस्कळीत वाटेल. परंतु वायूतील कण, बाजारातील दलाल आणि मेंदूतील पेशी या तिहींच्या अभ्यासात एक समान सूत्र आहे, ते हे की, त्यांतील एकेका घटकाचे वर्तन पुरते समजले तरी समुदायाचे वर्तन समजले असे होत नाही. ज्याने हे तीन निरनिराळ्या दालनांत पाहिले आहे, त्याला यंत्रांच्या समुदायाचे कोडे इतरांआधी दिसावे, यात मला काही नवल वाटत नाही.

तो काळ या विद्येच्या विजयोत्सवाचा होता. २०१६ च्या मार्चमध्ये ‘अल्फागो’ या प्रोग्रॅमने ली सेडॉल या कोरियन विजेत्यावर गो या खेळात चार विरुद्ध एक अशी मात केली आणि साऱ्या जगाचे लक्ष तिकडे वेधले. या यशामागील मुख्य तंत्र असे, की प्रोग्रॅमने पुन्हा पुन्हा डाव खेळावा, जिंकल्यास बक्षिसाचा गुण मिळावा, हरल्यास तो जावा, आणि अशा लक्षावधी डावांतून कोणत्या प्रसंगी कोणती चाल फलदायी हे त्याने आपले आपण शिकावे. यालाच ‘रीइन्फोर्समेंट लर्निंग’ म्हणतात. परंतु गो हा निव्वळ शत्रुत्वाचा खेळ आहे: एकाचा लाभ तो दुसऱ्याचा तोटा. अशा खेळात स्वतःच्याच प्रतिकृतीशी झुंजून प्रावीण्य मिळविता येते, कारण प्रतिपक्ष कोण आहे याने उत्तम चालीच्या मोलात मोठा फरक पडत नाही. जगातील बहुतेक व्यवहार मात्र असे नसतात. रस्त्यावरील वाहने, एकाच नदीचे पाणी उपसणारी गावे, माल घेणारा आणि देणारा, यांचे हित काही अंशी एक असते आणि काही अंशी भिन्न. येथे दुसरा काय करील यावर माझ्या कृतीचे फळ अवलंबून असते, आणि माझ्याविषयी त्याचाही तर्क चाललेला असतो.

हा प्रश्न पूर्वी कोणी हाताळलाच नव्हता असे मात्र नव्हे. पिलानी येथे शिकून अमेरिकेत गेलेले आणि आज हार्वर्ड येथे अध्यापन करणारे मिलिंद तांबे यांनी १९९० च्या दशकात लष्करी सरावासाठी संगणकातल्या कृत्रिम रणभूमीवर हेलिकॉप्टरे चालविणाऱ्या वैमानिक-एजंटांची तुकडी तयार केली होती. प्रत्येक वैमानिकास आपले काम चोख येत होते. पण एकदा टेहळणीसाठी पुढे गेलेले हेलिकॉप्टर वाटेतच कोसळले, आणि मागे थांबलेली सबंध तुकडी, जो कधीच येणार नव्हता त्या अहवालाची वाट पाहत जागच्या जागी थांबून राहिली. दुसऱ्या प्रसंगी मोहीम फत्ते झाल्याचे ओळखून तुकडीचा नायक एकटाच तळावर परतला आणि बाकीच्यांना तसे कळविण्याचे त्याच्या गावीही नव्हते. तांबे यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात या फसगतींची कैफियत मांडून, कार्य सिद्ध झाले वा असाध्य ठरले हे ज्याला प्रथम कळेल त्याने ते इतरांस कळविलेच पाहिजे, अशा सर्वसाधारण कर्तव्यांचा जाबता एजंटांना घालून दिला. आजही तो निबंध वाचताना माझे मन त्या थांबून राहिलेल्या तुकडीपाशी अडते. आज्ञापालन आणि सांघिक वृत्ती या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे इतक्या थोडक्यात दुसऱ्या कशानेही माझ्या मनावर ठसलेले नाही.

तांबे यांच्या पिढीने नियम माणसाने लिहून द्यावेत असे मानले. फोर्स्टर यांच्या पिढीपुढील प्रश्न असा होता की, यंत्रांनी हे नियम आपले आपण शिकावेत काय? त्यांच्या आरंभीच्या, २०१६ सालच्या कामात यासाठी एक जुने कोडे घेतलेले आहे. शंभर कैदी स्वतंत्र कोठड्यांत आहेत. रोज त्यांपैकी एकास चिठ्ठी टाकावी तसे निवडून एका खोलीत नेतात, जिथे एका दिव्याखेरीज काही नाही. तो दिवा लावण्याची किंवा मालवण्याची त्यास मुभा आहे. ‘आम्ही सर्वजण या खोलीत येऊन गेलो’ असे कोणीही कधीही जाहीर करावे. ते खरे असेल तर सर्वांची सुटका, खोटे असेल तर सर्वांना देहान्त. माणसांनी शोधलेले प्रसिद्ध उत्तर असे की, आधीच मसलत करून एकास मोजणीदार नेमावे. इतरांनी दिवा मालवलेला दिसल्यास जन्मात एकदाच लावावा. तो मालविण्याचा अधिकार फक्त मोजणीदारास असावा, आणि त्याने नव्व्याण्णव वेळा मालविला की घोषणा करावी.

फोर्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच कोडे तीन-चार कैद्यांपुरते लहान करून एजंटांपुढे ठेवले, आणि दिव्याचा अर्थ काय हे त्यांना अजिबात सांगितले नाही. अडचण उघड होती: ऐकणाऱ्यास अर्थ ठाऊक नसताना बोलणाऱ्याने काय बोलावे, आणि बोलणारा निरर्थक खुणा करीत असताना ऐकणाऱ्याने काय शिकावे? त्यांनी तजवीज अशी केली की, शिक्षणाच्या मुदतीत, आणि त्या मुदतीपुरतेच, ऐकणाऱ्याच्या चुकीचा हिशेब थेट बोलणाऱ्यापर्यंत उलट पोहोचावा, म्हणजे आपला संदेश कोणत्या दिशेने किती बदलला असता तर उपयोगी पडला असता, याचे माप त्यास मिळावे. आणि परीक्षेच्या वेळी मात्र तो दुवा तोडून टाकावा, दिवा लागलेला वा मालवलेला एवढेच ज्ञान उरावे. या रीतीने शिकलेल्या तीन एजंटांनी दिव्याला आपसांत अर्थ दिला आणि कोडे उत्तम रीतीने सोडविले. कोणीही न शिकविलेली खूण दोन यंत्रांमध्ये अर्थवाही व्हावी, ही घटना लहान असली तरी तिचे महत्त्व लहान नाही.

यापुढील काम श्रेयाच्या वाटणीविषयी होते, आणि ते तांत्रिक असल्यामुळे त्याचा निर्देश तेवढा करतो. संघ जिंकला तर बक्षीस सर्वांचे. मग त्यात कोणाचा वाटा किती? याचे उत्तर त्यांनी असे काढले की, बाकीच्यांनी जे केले ते तसेच ठेवून या एकाने काही निराळे केले असते तर निकाल कसा लागला असता, ते गणिताने अजमावावे आणि त्या फरकावरून त्याचे श्रेय ठरवावे. या निबंधास २०१८ साली कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अमेरिकेतील मोठ्या परिषदेत विद्यार्थ्यांच्या निबंधांतील उत्कृष्टतेचे पारितोषिक मिळाले.

परंतु या सर्व प्रयोगांत सहभागींचे हित एकच होते. हित जिथे विभागलेले आहे तिथले कोडे अधिक कठीण, आणि त्याचा नमुना म्हणजे ‘कैद्यांचा पेच’. दोघा खेळाडूंनी एकमेकांशी इमान राखले तर प्रत्येकास तीन गुण. दोघांनी दगा दिला तर एकेक. एकाने इमान राखले आणि दुसऱ्याने दगा दिला तर दगाबाजास पाच आणि इमानदारास शून्य. एकच डाव असेल तर दगा देणेच किफायतीचे ठरते, आणि दोघेही तसाच विचार करून दोघेही बुडतात. हाच डाव त्याच भिडूशी पुन्हा पुन्हा खेळावयाचा असेल तर काय करावे, हे पाहण्यासाठी मिशिगन विद्यापीठातील रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी संगणक-प्रोग्रॅमांचे सामने भरविले आणि १९८० साली त्यांचे निकाल प्रसिद्ध केले. पहिल्या सामन्यासाठी चौदा प्रोग्रॅम आले, दुसऱ्यासाठी बासष्ट. आणि दोन्ही वेळा अनातोल रापोपोर्ट यांनी पाठविलेला, साऱ्यांत साधा असा प्रोग्रॅम पहिला आला. त्याची नीती एवढीच: आरंभ इमानाने करावा, आणि पुढे प्रतिपक्षाने मागच्या डावात जे केले तेच आपण या डावात करावे.

ही नीती माणसाने लिहिलेली होती. शिकाऊ यंत्रे स्वतःहून तिथवर पोहोचतात काय? दोन साधे शिकाऊ एजंट या पेचात सोडले की दोघेही दगाबाजीवर येऊन स्थिरावतात असे दिसून आले होते, आणि त्याचे कारण मोठे उद्बोधक आहे: प्रत्येक एजंट दुसऱ्यास दगडामातीसारखा, जणू न बदलणाऱ्या परिस्थितीचा भाग मानतो, आपल्या वर्तनावरून तोही शिकत आहे, आज मी दगा दिला तर उद्या तो दगाच शिकेल, हा विचार त्याच्या गणितातच नसतो. फोर्स्टर आणि त्यांच्या अमेरिकेतील सहकाऱ्यांनी २०१७ साली नेमकी हीच उणीव भरून काढली. आपल्या या कृतीमुळे प्रतिपक्षाच्या शिक्षणाचे पुढले पाऊल कोणत्या दिशेस पडेल, हे पद त्यांनी समीकरणात घातले. आणि तसे केल्याबरोबर तेच दोन एजंट, कोणी उपदेश न करता, रापोपोर्ट यांच्या नीतीसारख्या वर्तनावर येऊन ठेपले. समोरचाही शिकत आहे याची जाणीव ही सहकार्याची एक अट आहे, हे विधान नीतिशास्त्राच्या ग्रंथात शोभावे असे. येथे ते एका गणिती पदाच्या रूपाने सिद्ध झालेले पाहून मला जो आनंद झाला, तो मी लपवीत नाही.

२०१८ साली फोर्स्टर यांचा प्रबंध पुरा झाला, परंतु या हकीकतीतला सर्वांत मोलाचा धडा त्यानंतरचा आहे. ‘हानाबी’ नावाचा पत्त्यांचा एक खेळ आहे. आंत्वान बोझा या फ्रेंच रचनाकाराने तो रचला आणि २०१३ साली जर्मनीत वर्षातील उत्तम खेळाचा मान त्यास मिळाला. पाच रंगांचे पन्नास पत्ते. दोन ते पाच खेळाडू. आणि विलक्षण नियम असा की आपले पत्ते पाठमोरे धरावयाचे, म्हणजे ते इतर सर्वांस दिसतात, आपल्यालाच तेवढे दिसत नाहीत. सर्वांनी मिळून प्रत्येक रंगाची एक ते पाच अशी चळत रचावयाची; पूर्ण यशाचे गुण पंचवीस. बोलण्यास मज्जाव, सांगता येते ते एवढेच, की ‘तुझे हे पत्ते लाल आहेत’ किंवा ‘हे दोनचे आहेत’, आणि तेही शिलकीत आठच खुणा असल्यामुळे जपून. भिडूने नेमक्या याच क्षणी हीच गोष्ट मला का सांगितली, असा विचार करणारा माणूस त्या तुटपुंज्या खुणेतून ‘हा पत्ता आता टाक’ असा अर्थ काढतो, आणि खेळाची सारी गोडी त्यातच आहे. २०१९ साली फोर्स्टर आणि अनेक संशोधकांनी मिळून हा खेळ या विद्येपुढील आव्हान म्हणून मांडला.

स्वतःच्या प्रतिकृतीबरोबर शिकलेले एजंट लवकरच पंचविसांपैकी चोविसांच्या आसपास पोहोचले. पण एकाच पद्धतीने, परंतु वेगवेगळ्या खेपेस घडविलेले दोन एजंट एकमेकांसमोर बसविले तेव्हा खेळ पार कोलमडला. जुळी भावंडे लहानपणी आपसांत अशी एक बोली बनवितात की शेजारच्या मुलास तिच्यातले अक्षरही कळू नये, तसा हा प्रकार होता: एका जोडीत ‘पिवळा’ या खुणेचा अर्थ ‘अमुक जागेचा पत्ता काढून टाक’ असा ठरलेला, दुसऱ्या जोडीत काही भलताच, आणि दोहोंपैकी कोणताही अर्थ विचाराने शोधून काढता येण्याजोगा नाही. स्वतःशी झालेले उत्कृष्ट सहकार्य हे सहकार्यच नव्हे, ती एक खासगी सवय होय, असे मला येथे निक्षून म्हणावेसे वाटते.

२०२० साली हेंगयुआन हू, ॲडम लेरर, अलेक्स पेयसाखोविच आणि फोर्स्टर यांनी यावर जो निबंध लिहिला, त्यातील एक लहानसा दाखला पाहावा. दोन अपरिचित खेळाडूंपुढे दहा खटके आहेत. दोघांनी परस्परांशी न बोलता एकेक ओढावयाचा. तोच खटका दोघांनी ओढला तर गुण, नाही तर शून्य. नऊ खटक्यांवर १ गुण लिहिला आहे, एकावर ०.९. स्वतःबरोबर शिकलेला एजंट त्या नवांपैकी कोणतातरी एक पक्का करतो आणि दरवेळी पुरा गुण मिळवितो. परंतु परका भिडू आला की त्याने नवांतला तोच धरलेला असण्याचा संभव नवांत एक. विचारी माणूस मात्र ०.९ च्या खटक्याकडे वळतो, कारण तो एकटाच वेगळा आहे आणि समोरच्यासही तो तसाच दिसत असणार. किंचित कमी घेऊन परक्याशी मेळ खात्रीने जमविण्याची ही समजूत यंत्रात आणण्यासाठी त्या चौघांनी अशी युक्ती योजली की, हानाबीच्या सरावाच्या वेळी एका भिडूचे रंग दुसऱ्याच्या नकळत अदलाबदल करून टाकावेत. जो संकेत अमुक रंगाच्या नावावर उगाच बेतलेला असेल तो मग टिकतच नाही, आणि ज्याला खेळाच्या रचनेतच आधार आहे तेवढाच उरतो. असे एजंट परक्या एजंटांबरोबर पुष्कळ चांगले खेळले, आणि माणसांबरोबरही.

येथे एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. यंत्रांमधील सहकार्य प्रत्येक वेळी हितकारकच असते असे समजू नये. त्याच २०२० साली एमिलिओ काल्व्हानो आणि त्यांच्या तीन इटालियन सहकाऱ्यांनी ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये दाखवून दिले की, कृत्रिम बाजारात भाव ठरविणारे शिकाऊ प्रोग्रॅम, एकमेकांशी एक शब्दही न बोलता, स्पर्धेतील भावाहून चढे भाव ठेवण्यास शिकतात, आणि कोणी भाव पाडल्यास काही काळ आपलेही भाव पाडून त्यास शासन करतात व मग हळूहळू पुन्हा वर येतात. विक्रेत्यांच्या दृष्टीने हे आदर्श सहकार्य. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने ही साटेलोटे करून केलेली लूट. माणसांनी असे केले तर कायदा त्यांच्यातील मसलतीचा पुरावा मागतो. येथे मसलतच झालेली नाही, मग दावा कोणावर आणि कशाच्या आधारे लावावा? कोणाशी कोणाचे सहकार्य, आणि कोणाच्या खर्चाने, हा प्रश्न म्हणून प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी विचारलाच पाहिजे.

फोर्स्टर आज ऑक्सफर्ड येथे अध्यापक असून त्यांच्या हाताखाली नवे विद्यार्थी याच वाटेने निघाले आहेत. २०२१ साली याच विषयास वाहिलेली ‘कोऑपरेटिव्ह एआय फाउंडेशन’ ही संस्था दीड कोटी डॉलरांच्या देणगीवर उभी राहिली. तिने २०२५ साली काढलेल्या अहवालात एजंटांच्या समुदायातून उद्भवणाऱ्या अपायांचे ताळमेळ न जमणे, संघर्ष आणि साटेलोटे असे तीन प्रकार केले आहेत, आणि वर सांगितलेल्या बहुतेक हकीकती या तिहींपैकी कोठे ना कोठे बसतात. या विषयाच्या आद्य निबंधांत गणितज्ञांच्या बरोबरीने एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचा आधार घेतलेला आढळतो; दक्षिण कॅलिफोर्नियातील भूजल लोकांनी आपसांत कसे वाटून घेतले यावर १९६५ साली प्रबंध लिहून ज्यांनी आरंभ केला आणि सामायिक संपत्तीच्या व्यवस्थेविषयीच्या अभ्यासाबद्दल २००९ साली ज्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्या ऑस्ट्रॉम.

यावरून आपल्याकडील विद्यार्थ्यांस एक विनंती करावीशी वाटते. हे क्षेत्र केवळ संगणकशास्त्र शिकलेल्यांचे आहे अशा समजुतीने कोणी दूर राहू नये. पांझरा आणि मोसम यांच्या काठच्या फड पद्धतीत पाण्याच्या पाळ्या कशा ठरत, त्या मोडणाऱ्यास कोण आणि काय दंड करी, याचा ज्याने गावोगाव हिंडून तपशील गोळा केला असेल, स्पर्धेच्या कायद्याचा ज्याचा व्यासंग असेल, किंवा सहकारी संस्थांची दप्तरे ज्याने चाळली असतील, त्याच्यापाशी असलेले ज्ञान यंत्रांचे हे नियम घडविताना हवे आहे, आणि ते आज फारच थोड्यांपाशी आहे. अशा अभ्यासकांनी थोडे गणित आणि थोडे प्रोग्रॅमिंग शिकून या कामात अवश्य उतरावे.